मावशीच्या वर्गाचं एकमत

माझी मावशी हृदयाची डॉक्टर आहे, आणि तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं आमच्या घरात ऐकिवात नाही. ती आमच्याकडेच राहते. आई तिची मोठी बहीण, पण नावालाच मोठी. मावशीचं प्रत्येक वाक्य "कळलं?" असं संपतं. त्यापुढे प्रश्नचिन्ह असलं तरी तो प्रश्न नसतो. शेजारच्या काकूंना पायावर सूज का आली ते ती सांगते, कळलं? बाबांना पंख्याची वायर चुकीच्या जागी जोडलीय असं सांगते, कळलं? बाबांचा धंदाच वायरी जोडायचा आहे, तरीही ते मान हलवतात. शांतता राखायची तर मानच हलवायची ना, मान हलवायला काय भाडं पडतं, असं त्यांचं म्हणणं.

ही मावशी परदेशात शिकून परत आली तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. तिकडचे चकचकीत दवाखाने आणि काचेचे दरवाजे सोडून ती आली कुठे, तर सरकारी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे आधी चादरी ठेवायचे त्या खोलीत. तिथे बसून ती हृदयरोगावर संशोधन करणारी माणसं तयार करणार होती. खोलीला अजूनही फिनेलचा आणि ओल्या कपड्यांचा वास येतो. एकच खिडकी, तीही सायकल स्टँडवर उघडते. पंखा दर फेरीला टक्क करतो. भिंतीवर हृदयाचं मोठं चित्र आहे, त्याचा एक कोपरा पोपडा धरलेल्या भिंतीला काही केल्या चिकटत नाही.

आमच्याकडे हृदयरोग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पोट सुटलेले साहेब येतात. मावशीचे पेशंट पाठीला दप्तर लावून येतात. पोराचा घसा दुखतो, दोन दिवस ताप येतो, मिठाच्या गुळण्या होतात आणि घर ते विसरून जातं. पण काही पोरांच्या बाबतीत त्या घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटतं. झडप नीट मिटेनाशी होते, रक्त मागे गळतं, आणि पोर जिन्यात मध्येच बसायला लागतं. वेळेवर कळलं तर ठरावीक अंतरानं इंजेक्शन देत राहायचं, पुढचं बरंच टळतं. अडचण ही की कळतच नाही. झडप पडद्यावर दाखवणारं इकोचं यंत्र आसपासच्या सगळ्या गावांत मिळून एक, आणि त्याच्या दारातली रांग थेट जिन्यापर्यंत.

म्हणून एक युक्ती चालली होती. शाळाशाळांत जाऊन पोरांच्या छातीवरचा आणि काखेजवळचा आवाज रेकॉर्ड करून आणायचा आणि शिकवलेल्या कानांनी तो ऐकून ठरवायचं, कुणाला इकोला पाठवायचं. एक आवाज दोघांनी ऐकायचा, एकमेकांना न विचारता. दोघांनी वेगवेगळं बसून तेच लिहिलं तर ते ऐकणं खरं धरायचं.

मला हे सगळे आवाज तोंडानं काढता येतात. निरोगी हृदय म्हणजे लब-डब, लब-डब. गळकी झडप म्हणजे लशूऽऽडब, दार लावल्यावरही फटीतून वारा यावा तसं. आणि काही ठणठणीत पोरांच्या छातीतही एक बारीक गुणगुण असते, लबम्म्डब, तिला काही अर्थ नसतो. ती गुणगुण आणि खरी गळती यांतला फरक ओळखणं हाच सगळा खेळ.

आता हा खेळ आजवर खेळत कोण होतं, तर परदेशातली एक मोठी संस्था. रेकॉर्डिंग इथे व्हायचं, पेटीत भरून तिकडे जायचं, तिकडचे लोक ऐकायचे, तिकडेच लेख छापून यायचा, आणि आमच्या लोकांचे आभार सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात. मावशी जेवताना यावर बोलायला लागली की भात गार व्हायचा. "छाती आपल्या पोरांची आणि कान त्यांचे? आपण काय नुसती पार्सलं बांधायची?" तिनं भांडून भांडून त्या संस्थेकडून कबूल करून घेतलं होतं की तिनं शिकवलेली पहिली तुकडी परीक्षेत टिकली तर इथून पुढे आवाज इथेच ऐकले जातील. नाही टिकली तर वर्ग बंद आणि पार्सलं सुरू.

त्या तुकडीत पाच जण होते. त्यातले दोघं आमच्या घरी चहाला यायचे, म्हणून माझ्या विशेष ओळखीचे. एक तरुण डॉक्टर, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावणारे. समोरच्याचं वाक्य सुरू व्हायच्या आधीच यांची मान हो म्हणायला लागते. मी त्यांचं नाव डॉक्टर मानडोले ठेवलंय. हे आडनाव आमच्या घरात इतकं रुळलंय की आईनं एकदा त्यांना तोंडावरच "या मानडोले" म्हटलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या म्हणजे सिस्टर. वॉर्डात केस पांढरे झालेल्या, आवाज असा की तळमजल्यावरचा पेशंट तिसऱ्या मजल्यावरची गोळी घेईल. त्यांची प्रत्येक गोष्ट "मी काही बोलत नाही, पण" इथून सुरू होते आणि मग त्या थांबत नाहीत.

परीक्षेला संस्थेतून एक बाई आल्या. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक, आणि तोंडात कायम "फार छान". जिना चढून दम लागला तरी फार छान. चहा सांडला तरी फार छान. आमच्या घरात त्यांना फारछान बाईच म्हणतात. पाचही जण आणि मावशी चादरींच्या खोलीत बसले, स्पीकरवर एकेक आवाज लागला आणि प्रत्येकानं आपापल्या कागदावर निरोगी की बिघाड ते लिहिलं. कुणी कुणाशी बोललं नाही. कागद जुळवले, तर सहाही जणांचं सगळं सारखं. एका आवाजाबद्दलही दुमत नाही.

मावशीला वाटलं, जिंकलो. फारछान बाईंनी कागद पुन्हा चाळले, पेन खाली ठेवलं आणि त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "फार छान. आमच्याकडे अर्धं आयुष्य हेच काम केलेली दोन माणसं आहेत. त्यांचंही इतकं जुळत नाही."

नक्कल हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तो न उच्चारता खोलीभर पसरला. आणखी एक संधी देते, पुढच्या खेपेला पुन्हा घेऊ, पण तेव्हाही असंच दिसलं तर मला काही करता येणार नाही, एवढं सांगून त्या गेल्या.

मावशी घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात गेली. माझी मुलं खोटं लिहीत नाहीत, असं तिनं आईला सांगितलं. आईनं ताट वाढलं. मावशीनं तेच वाक्य ताटालाही सांगितलं. त्या दिवशी कळलं-बिळलं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पाचही जणांना उभं केलं. कुणी कुणाच्या कागदात डोकावलं का? नाही. खाणाखुणा केल्या का? नाही. डॉक्टर मानडोल्यांना तिनं विचारलं, तुम्ही बघून लिहिलंत का, तर त्यांची मान हलली. म्हणजे तुम्ही बघून लिहिलं नाहीत, असं विचारलं, तरी हलली. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "मी काही बोलत नाही, पण मॅडम, तुम्ही चष्मा वर करता."

मावशीला काही उमगेना. मग सिस्टरनी उभं राहून करूनच दाखवलं. निरोगी आवाज लागला की मॅडम नुसत्या बसलेल्या. गळका आवाज लागला की मॅडमचा चष्मा नाकावरून कपाळावर. पोरासाठी जीव तुटतो, हात आपोआप जातो. समोर पाच जण बसलेले.

"आम्ही बघत नव्हतो मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "दिसत होतं."

आता हे चष्म्याचं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी तर जेवणाच्या ताटावर बसून ते करून दाखवायचे आणि बाबांना ठसका लागायचा. ठाऊक नव्हतं ते फक्त मावशीला.

तिनं तिथल्या तिथे ताळा करून पाहिला. स्वतः दाराबाहेर गेली आणि आतल्या पाच जणांना तेच आवाज पुन्हा ऐकायला लावले. नुसता आनंदीआनंद. एकाच हृदयाला कुणी ठणठणीत ठरवलं, कुणी थेट ऑपरेशनला पाठवलं. सिस्टरनी बऱ्यापैकी ओळखलं, पण लिहून खोडलं आणि खोडून लिहिलं. डॉक्टर मानडोल्यांचा कागद कोराच होता. त्यांनी दार किलकिलं करून बाहेर विचारलं म्हणे, की मॅडमना काय वाटलं?

वॉर्डाची रीतच अशी आहे. मोठे डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, आवाज आहे. मग मागे उभी असलेली शिकाऊ डॉक्टरांची रांग एकेक करून नळी लावते. ऐकू आलं? हो सर. तुला? हो सर. तुला? अगदी स्पष्ट सर. ऐकू आलं नाही असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय. यात कुणी लबाडी करत नाही. मोठ्यांनी ऐकलंय म्हटल्यावर आपल्याला ऐकू न येणं हा उद्धटपणा वाटतो, बस.

मावशीनं त्या पाच जणांना सांगितलं की शिकत असताना पहिलं वर्षभर तिला नळीतून फक्त स्वतःच्या बाहीची खसखस ऐकू यायची, आणि तीसुद्धा अगदी स्पष्ट सर असंच म्हणायची. सिस्टर सांगतात, हे ऐकून डॉक्टर मानडोल्यांची मान त्यांनी पहिल्यांदा थांबलेली पाहिली.

मग नवा नियम निघाला. सगळ्यात लहानानं आधी बोलायचं, मोठ्यानं सगळ्यात शेवटी. आणि मावशीनं आपली पाळी येईपर्यंत तोंड मिटून बसायचं, तेही भिंतीकडे तोंड करून. हृदय ऐकायला शिकणं सोपं, मावशीनं गप्प बसायला शिकणं महाकठीण. आई म्हणाली, सराव घरीच होऊ दे. जेवताना तोच नियम लागला, आणि घरात लहान मी. काय दिवस होते ते. मीठ कमी आहे का, पाहुण्यांकडे जायचं का, खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा, सगळ्यावर आधी माझं मत, मग बाबांचं, त्यांनी वय बाजूला ठेवून हा नंबर मागून घेतला होता, मग मावशीचं, आणि तिच्याहून मोठी म्हणून सगळ्यात शेवटी आईचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आईला मोठेपणाचा काही उपयोग झाला. बाबांनी तर मुद्दाम पंख्याच्या वायरचा विषय काढला आणि आपलीच जोडणी कशी बिनचूक आहे ते सावकाश, घास चावत, पाणी पीत सांगितलं. मावशीचे ओठ आत ओढलेले, कानाच्या पाळ्या लाल. पाळी आल्यावर ती म्हणाली, "मला थोडं वेगळं वाटतं." आईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

डॉक्टर मानडोल्यांना वेगळंच औषध होतं. रोज एका गोष्टीत मॅडमशी असहमत व्हायचं. पहिल्या दिवशी आमच्याकडे चहा पिताना त्यांनी सुरुवात केली. "मॅडम, चहा जरा गार आहे. बहुतेक. म्हणजे मला तसं वाटलं. तुम्हाला गरम वाटत असेल तर गरमच आहे." मावशी म्हणाली, पुन्हा. दुसऱ्या दिवशी त्यांनी बहुतेक काढून टाकलं. मग आठवडाभरानं शेवटचं वाक्य गळलं. नंतर एकदा ते आले, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाले, चहा गार आहे. आणि तो खरोखरच गार होता. आईला राग आला, मावशीला इतका आनंद झाला की तिनं स्वतः उठून तो गरम केला.

तोपर्यंत चादरींच्या खोलीत आवाज ऐकण्यापेक्षा भांडणाचाच आवाज जास्त यायला लागला होता. भांडायचा नियमही ठरला. नुसतं मला वाटतं चालणार नाही, काय ऐकलं ते सांगायचं. आवाज लबच्या आधी की नंतर, फुंकल्यासारखा की गुणगुणल्यासारखा, हृदयाच्या टोकाशीच थांबतो की काखेकडे जातो. सिस्टर तर तोंडानं आवाज काढून वाद घालायच्या. त्या बाबतीत त्या माझ्या गुरू आहेत.

फारछान बाई पुन्हा आल्या त्या दिवशी मी शाळेत होते. पुढचं सगळं मी मावशी, सिस्टर आणि डॉक्टर मानडोले या तिघांना वेगवेगळं गाठून विचारलंय, आणि तिघांचं जुळलं तेवढंच इथे लिहिते. शेवटी रडलं कोण, यावर मात्र तिघांचं एकमत झालं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घेतो.

या वेळी स्पीकर नव्हता. प्रत्येकाला हेडफोन आणि वेगळी जागा. सिस्टर एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत, डॉक्टर मानडोले जिन्याखालच्या औषधांच्या कोठारात खोक्यांवर बसलेले, बाकी तिघं जिथे दार लागेल तिथे. मावशी तिच्या खोलीत, बाहेरून कडी. ज्या पोरांचे आवाज होते त्या सगळ्यांचं इको नुकतंच झालेलं होतं आणि त्याची चित्रं फक्त बाईंच्या लॅपटॉपमध्ये होती.

कागद आले. बाई खूप वेळ जुळवत बसल्या. बरंच जुळत होतं, सगळं नाही. काही ठिकाणी दोघं एकीकडे, चौघं दुसरीकडे. एका आवाजावर तर सिस्टर एकट्याच पडल्या होत्या आणि त्याच बरोबर होत्या. बाईंनी फार छान म्हटलं, आणि या खेपेला पेन खाली ठेवलं नाही. मावशीनं श्वास सोडला.

पण बाईंचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी एका मुलीचा आवाज बाजूला काढला. मावशीनं लिहिलं होतं, निरोगी, साधी गुणगुण. डॉक्टर मानडोल्यांनी लिहिलं होतं, झडप गळते. बाईंनी डॉक्टरांना पुढे बोलावलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की तुमच्या मॅडमनी याच्या उलट लिहिलंय, तुम्हाला तुमचं उत्तर बदलायचं असेल तर आत्ता बदलू शकता.

खोलीत पंखा टक्क करत राहिला. खरी परीक्षा ही आहे, हे सगळ्यांना समजलं. त्यांनी उत्तर बदललं असतं तर आधीचे सगळे कागद वाया गेले असते. ज्या वर्गात मॅडमचं नाव काढल्याबरोबर उत्तर फिरतं, त्याच्या कानांवर कोण भरवसा ठेवणार? डॉक्टर मानडोल्यांनी सवयीनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून सायकली बघत बसली. त्यांना दिसली फक्त पाठ आणि अंबाडा. अंबाड्यावरून काही कळत नाही.

"नाही बदलायचं," ते म्हणाले. "हा आवाज काखेकडे जातोय. साधी गुणगुण तिथवर पोचत नाही. मॅडम चुकल्यात."

शेवटचे दोन शब्द बोलताना त्यांचा आवाज सातवीतल्या मुलासारखा फाटला, हे सिस्टरचं म्हणणं. मी ते हुबेहूब करून दाखवू शकते, पण लिहून जमणार नाही.

बाईंनी लॅपटॉप उघडून त्या मुलीचं इको लावलं. पडद्यावर झडप उघडत होती, मिटत होती, आणि मिटताना दर वेळी रंगीत धार मागे उसळत होती. गळत होती. मावशीनं खुर्ची फिरवली, हेडफोन ओढून घेतला, काखेजवळचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. "जातोय," ती म्हणाली. "काखेकडे जातोय. सुटला माझ्या कानातून." आणि तिनं टेबलावर अशी थाप मारली की बाईंचा चहा सांडला. फार छान, बाई म्हणाल्या.

बाईंनी तिथेच सांगून टाकलं की आवाज आता इथेच ऐकले जातील, पार्सलं बंद. त्यावर हेही सांगितलं की शेजारच्या देशातल्या शाळांतले आवाजही ऐकायला कुणीतरी हवंय, ते या खोलीत पाठवले तर चालतील का? मावशीनं सगळ्यात लहान कोण ते बघितलं आणि आधी त्याला विचारलं. पाळी शेवटी तिच्यापर्यंत आली तेव्हा सगळ्यांचं हो झालेलं होतं. या एकमताला बाईंनीही हरकत घेतली नाही.

त्या संध्याकाळी मावशी घरी आली ती जिन्यातूनच ओरडत. ताई, आज मी चुकले, कळलं? बाबांना वेगळं सांगितलं. शेजारच्या काकूंचं दार वाजवून त्यांनाही सांगितलं. काकूंना वाटलं काहीतरी वाईट झालंय, त्यांनी हिच्या पाठीवरून हात फिरवला. मानडोल्यांनी पकडलं मला, माझ्या मानडोल्यांनी, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. त्या मुलीला दुसऱ्याच दिवशी बोलावून इंजेक्शन सुरू केलं. ती दर खेपेला वॉर्ड डोक्यावर घेते, आणि सिस्टर म्हणतात, रडू दे, एवढा दम आहे म्हणजे बरंच आहे.

आता दुसरी तुकडी सुरू झालीय आणि तिला डॉक्टर मानडोले शिकवतात. परवा मावशी वॉर्डातून वर येत होती तर चादरींच्या खोलीबाहेर दोन नव्या मुली एका आवाजावरून भांडत होत्या. एक म्हणत होती गुणगुण, दुसरी म्हणत होती गळती, आणि दोघी तोंडानं आवाज काढत होत्या. मावशीनं तो आवाज सकाळीच ऐकला होता. तिला उत्तर माहीत होतं. दोघी भांडण सोडून तिच्याकडे बघायला लागल्या. मावशी म्हणाली, माझ्याकडे काय बघता, आणि कँटीनच्या जिन्यानं खाली उतरली. मागे भांडण पुन्हा पेटलं, इतकं की खालच्या वॉर्डातून पेशंट झोपलेत असा निरोप आला, मग त्या दोघी हेडफोन घेऊन गच्चीवर गेल्या आणि तिथे भांडत बसल्या.